व्होल्ट आणि अँपिअर मोजल्यावर ओहम आणि वॅट काढताना होणारा घोटाळा

तुम्ही आयटीआयमध्ये तारतंत्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि घरी स्वतः घेतलेली मोजमापे पाठवली आहेत, त्यामुळे उत्तर सविस्तर देतो. तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गिझरच्या पट्टीवर २३० व्होल्ट, २००० वॅट असे छापलेले आहे. तो चालू असताना प्लगपाशी २०५ व्होल्ट आणि ७.६ अँपिअर भरले, आणि प्लग काढून मल्टीमीटर लावला तेव्हा २६.१ ओहम दिसले. १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब मल्टीमीटरवर ३८ ओहम दाखवतो, मात्र सूत्राने ५२९ ओहम येतात. विहिरीवरची एक एचपीची मोटार २२५ व्होल्टला ६.२ अँपिअर घेते. भागाकार केला तर ३६ ओहम, मीटरने मोजले तर ३ ओहम. आणि गुणाकार केला तर १३९५ वॅट, जेव्हा प्लेटवर जेमतेम ७५० वॅट लिहिले आहेत. यांतले खरे कोणते, असे तुम्ही विचारता. जाता जाता तुम्ही आणखी एक आकडा लिहिला आहे, की गिझर बंद असताना त्याच प्लगवर २२३ व्होल्ट होते. त्याबद्दल तुम्ही काही विचारलेले नाही, पण माझ्या मते तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा आकडा तोच आहे, म्हणून त्याकडे शेवटी सावकाश येतो.

सूत्रे तुम्हाला पाठ आहेत. विभवांतराला (व्होल्ट) विद्युतधारेने (अँपिअर) भागले की रोध (ओहम) मिळतो, आणि दोहोंचा गुणाकार केला की शक्ती (वॅट) मिळते. यांतूनच धारेचा वर्ग गुणिले रोध आणि विभवांतराचा वर्ग भागिले रोध ही शक्तीची आणखी दोन रूपे निघतात. चूक बहुधा सूत्रात होत नाही. ती सूत्रात घातलेल्या आकड्यांत होते. भागाकारातला व्होल्ट आणि अँपिअर हे दोन्ही एकाच उपकरणाचे, एकाच वेळचे आणि त्याच्या टोकांपाशी मोजलेले असले पाहिजेत. ही एक अट सांभाळली तर तुमच्या निम्म्या शंका आपोआप सुटतात.

गिझर घेऊ. २०५ भागिले ७.६ म्हणजे सुमारे २७ ओहम, आणि २०५ गुणिले ७.६ म्हणजे १५५८ वॅट. आता पट्टीवरच्या आकड्यांवरून येणारा रोध पाहा: २३० चा वर्ग ५२,९००, त्याला २००० ने भागले की २६.४५ ओहम. मल्टीमीटरच्या २६.१ मधून मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध वजा करायला हवा. दोन्ही टोके एकमेकांना टेकवून पाहिलीत तर साधारण ०.३ ते ०.५ ओहम दिसतील, ०.४ धरले तर थंड एलिमेंट २५.७ ओहमचे ठरते. म्हणजे थंडपणी २५.७ आणि चालू असताना २७, जवळपास पाच टक्क्यांचा फरक. एलिमेंटमधली नायक्रोमची तार तापल्यावर तिचा रोध थोडासा वाढतो, आणि घरगुती क्लॅम्प मीटर (वायर जबड्यात धरून धारा मोजणारा मीटर) दोन-तीन टक्के इकडे-तिकडे दाखवतोच, त्यामुळे या फरकाचे नवल वाटून घेऊ नये. तुमच्याच २७ ओहमवर पूर्ण २३० व्होल्ट दिले असते तर १९६० वॅट भरले असते. अशा तापविणाऱ्या उपकरणांना छापील वॅटपेक्षा पाच टक्के जास्त आणि दहा टक्के कमी एवढी सूट मानकांमध्येच असते, म्हणून तुमचा गिझर निर्दोष आहे.

येथे विद्यार्थी एक हमखास चूक करतात. ते पट्टीवरचे २३० घेतात आणि मीटरवरचे ७.६ घेतात, गुणाकार १७४८ करतात आणि त्यालाच गिझरची शक्ती समजतात. छापील आकडा आणि मोजलेला आकडा यांचे असे लग्न लावू नये. पट्टीवरचे दोन्ही आकडे एकमेकांशी जुळतात, मोजलेले दोन्ही एकमेकांशी जुळतात. मधून एक-एक उचलला की उत्तर ना इकडचे राहते ना तिकडचे.

व्होल्टेज २३० वरून २०५ वर आले म्हणजे अकरा टक्क्यांनी घटले, पण शक्ती एकवीस टक्क्यांनी घटली, कारण रोध तोच असताना शक्ती विभवांतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ५५ अंशांपर्यंत तापवायला सुमारे २२०० किलोज्यूल उष्णता लागते. २००० वॅटने ते काम अठरा मिनिटांत होते, तुमच्या १५५८ वॅटने साडेतेवीस मिनिटांत. दोन्ही वेळी त्या पाण्यासाठी लागणारी वीज मात्र तेवढीच, म्हणजे सुमारे ०.६१ युनिट. विजेच्या कमी दाबामुळे गिझर जास्त युनिट खातो असे अनेक जण म्हणतात. टाकीतून बाहेर जाणारी थोडी जास्तीची उष्णता सोडली तर ते खरे नाही. तो फक्त जास्त वेळ चालतो.

बल्बचे ३८ ओहमही खरे आणि ५२९ ओहमही खरे. पहिला रोध खोलीच्या तापमानाला असलेल्या टंगस्टनच्या तंतूचा आहे, दुसरा अडीच हजार अंशांच्या आसपास पांढऱ्याशुभ्र तापलेल्या त्याच तंतूचा. धातू तापला की त्याचा रोध वाढतो, आणि येथे तो जवळजवळ चौदा पट वाढला आहे. यातून एक उपयोगी गोष्ट कळते. बटण दाबण्याच्या क्षणी तंतू थंड असतो, तेव्हा २३० भागिले ३८ म्हणजे सुमारे सहा अँपिअर धारा त्यातून धावू पाहते आणि क्षणार्धात ०.४३ वर येते. झिजलेले बल्ब जळतात ते बहुधा लावतानाच, त्याचे कारण हेच. आणि म्हणूनच वर्गाचे गणित बल्बला जसेच्या तसे लावता येत नाही: २०५ व्होल्टला १०० वॅटच्या बल्बचे ७९ वॅट यायला हवेत, पण तंतू कमी तापल्यामुळे त्याचा रोधही उतरतो आणि प्रत्यक्षात शक्ती ऐंशीच्या थोडी वर भरते. एलिमेंटची तार या बाबतीत सरळ स्वभावाची. बल्बचा तंतू तसा नाही.

ज्यांच्या नावावरून हे एकक आले त्या ओहम यांनाही मोजताना व्होल्टेज स्थिर न राहण्याची अडचण आली होती, हे मला शिकवताना नेहमी आवर्जून सांगावेसे वाटते. जर्मनीतल्या कोलोन शहरात शाळेत शिकवणारे गेओर्ग ओहम प्रयोग करीत, तेव्हाच्या बॅटऱ्यांचे विभवांतर तासागणिक ढासळत असे आणि आकडे जुळत नसत. शेवटी १८२६ मध्ये त्यांनी बॅटरी बाजूला ठेवून तांबे आणि बिस्मथ यांच्या जोडाचे एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरे बर्फात ठेवले. त्यातून मिळणारे विभवांतर अगदी थोडे, पण स्थिर होते. त्या स्थिरतेमुळेच नियम हाती लागला आणि १८२७ मध्ये त्यांच्या ग्रंथात आला. आपल्याकडे संध्याकाळी गावच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की पाच मिनिटांत दहा व्होल्टचा फरक पडतो. व्होल्ट आत्ता मोजायचे आणि अँपिअर चहा घेऊन झाल्यावर मोजायचे, असे केले तर भागाकाराला अर्थ उरत नाही. दोन मीटर असतील तर दोन्ही एकाच वेळी वाचावेत. एकच असेल तर व्होल्ट, अँपिअर आणि पुन्हा व्होल्ट अशा क्रमाने तीन वाचने घ्यावीत, आणि दोन्ही व्होल्ट जुळले नाहीत तर सगळे पुन्हा मोजावे.

मोजण्याच्या पद्धतीबद्दल दोन-तीन गोष्टी येथेच सांगतो. क्लॅम्प मीटरच्या जबड्यात फेज (वीज आणणारी) किंवा न्यूट्रल (परत नेणारी) यांपैकी एकच वायर घ्यायची. गिझरची अख्खी केबल आत घेतली तर जाणारी आणि येणारी धारा एकमेकींना रद्द करतात आणि मीटर शून्य दाखवतो. मी अनेक शिकाऊ मुलांना त्या शून्यावर विश्वास ठेवून चालू लाइनवर हात घालताना वेळीच अडवले आहे. धारा अगदी कमी असेल तर तीच वायर जबड्याभोवती दहा वेढे गुंडाळावी आणि आलेल्या आकड्याला दहाने भागावे. मल्टीमीटर ओहमवर ठेवून चालू लाइनला कधीही लावू नये, आणि अँपिअरच्या भोकात पिन असताना फेज-न्यूट्रलमध्ये तर नाहीच, कारण त्या वेळी मीटर म्हणजे एक जाड तार असते आणि तुम्ही हाताने शॉर्ट सर्किट करीत असता.

आता मोटार. येथे भागाकारातून आलेल्या ३६ ओहमला रोध म्हणूच नये. ३ ओहम हा मोटारीच्या मुख्य वाइंडिंगमधल्या तांब्याच्या तारेचा रोध आहे. प्रत्यवर्ती धारेत (एसी) त्या तारेचे वेटोळे धारेच्या बदलाला विरोध करते आणि मोटार फिरू लागली की तिच्यातच उलट दिशेचे विभवांतर तयार होते. या सगळ्यांचा मिळून जो अडथळा होतो तो ३६ ओहम. त्याला संरोध किंवा इम्पिडन्स म्हणतात. अडकलेली मोटार सुरू केली तर ते उलट विभवांतर तयारच होत नाही, धारा पाच-सहा पट चढते आणि वाइंडिंग जळते.

शक्तीचेही तसेच. १३९५ हा आकडा वॅटचा नसून व्होल्ट-अँपिअरचा आहे. धारा व्होल्टेजच्या मागे रेंगाळते, म्हणून त्या गुणाकाराला पॉवर फॅक्टरने, म्हणजे त्यातला किती हिस्सा खरे वॅट आहे ते सांगणाऱ्या आकड्याने, पुन्हा गुणावे लागते. तो ०.८ धरला तर मोटार लाइनमधून १११६ वॅट घेते. त्यातून दांड्यावर एक एचपी, म्हणजे ७४६ वॅट, मिळतात. बाकीचे वाइंडिंग, लोखंड आणि बेअरिंग यांत उष्णता होऊन जातात. म्हणजे कार्यक्षमता सुमारे ६७ टक्के, जी लहान सिंगल फेज मोटारीसाठी अगदी नेहमीची आहे. प्लेटवर बाहेर मिळणारी शक्ती लिहितात, आत जाणारी नाही. तुमचा सगळा गोंधळ या एका गोष्टीचा होता. थ्री फेज मोटारीला हाच गुणाकार आणखी १.७३२ ने गुणायचा आणि व्होल्ट दोन फेजांमधले घ्यायचे. एलईडी बल्बालाही पॉवर फॅक्टर लागतो. नऊ वॅटचा स्वस्त बल्ब ०.०७ अँपिअर घेताना दिसला तर मीटर बिघडला असे समजू नका.

पॉवर फॅक्टर ०.८ च आहे कशावरून, हे विचारणे योग्य आहे, आणि त्याची शहानिशा करायला महागडे उपकरण लागत नाही. विजेच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुकाट हे छापलेले असते, समजा ३२००. घरातले बाकी सगळे बंद करा, त्या मीटरवर फक्त मोटार चालू ठेवा आणि घड्याळ लावून एक मिनिट दिवा मोजा. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला एक लुकलुक म्हणजे १८.७५ वॅट. साठच्या आसपास भरले तर मोटार १११६ ते ११२५ वॅट घेत आहे असे समजा. वॅटला व्होल्ट-अँपिअरने भागले की पॉवर फॅक्टर तुमच्या हातात येतो, आणि तोही खरा, गृहीत धरलेला नाही.

धारेच्या वर्गाचे सूत्र मोटारीत कुठे वापरायचे, तर त्या ३ ओहमसाठी. ६.२ चा वर्ग गुणिले ३ म्हणजे ११५ वॅट एवढी उष्णता वाइंडिंगमध्ये होते. विजेच्या कमी दाबाला मोटार गिझरसारखी मुकाट्याने कमी वीज घेत नाही. पंपाला पाणी तेवढेच उचलायचे असते, म्हणून ती जास्त धारा ओढते. ती साडेसात अँपिअरवर गेली की वाइंडिंगमधली उष्णता १६९ वॅट होते. मोटार तासभर चालवून, लाइन काढून, लगेच मल्टीमीटर लावलात आणि ३ चे ३.७ ओहम दिसले, तर तांब्याचा रोध दर अंशाला ०.४ टक्क्याच्या जवळपास वाढतो या हिशेबाने वाइंडिंग सुमारे साठ अंशांनी तापले आहे. मोटार रिवाइंडिंगला देण्याची वेळ येण्याआधी ही तपासणी करता येते.

आता त्या २२३ व्होल्टकडे. गिझर बंद असताना २२३ आणि चालू असताना २०५, म्हणजे १८ व्होल्ट वाटेत हरवले. ते कुठे गेले याचे उत्तर तुमच्याच सूत्रात आहे, फक्त ते गिझरऐवजी वायरिंगला लावायचे. १८ भागिले ७.६ म्हणजे २.३७ ओहम: खांबापासून प्लगपर्यंतच्या आणि परतीच्या सगळ्या वाटेचा हा रोध. १८ गुणिले ७.६ म्हणजे १३७ वॅट: एवढी उष्णता तुमच्या भिंतीत, बोर्डात आणि सर्व्हिस वायरमध्ये (खांबावरून घरात येणाऱ्या वायरमध्ये) रोज सकाळी होते आहे. ती किती असायला हवी? अडीच एमएमच्या (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाच्या) तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम असतो. मेन स्विचपासून बाथरूम वीस मीटर धरले तर जाऊन-येऊन चाळीस मीटर, म्हणजे ०.३ ओहम आणि सव्वादोन व्होल्ट. खांबापासून घरापर्यंत चार एमएमची अॅल्युमिनिअमची वायर साठ मीटर असेल तर तिचे आणखी ०.८५ ओहम आणि साडेसहा व्होल्ट. वायर चांगली असेल तर नऊ व्होल्टच्या आत हिशेब संपायला हवा. उरलेले नऊ व्होल्ट कुठल्या तरी जोडात आहेत.

जोड म्हणजे ट्विस्ट करून टेप मारलेली वायर, स्विचचा स्क्रू, फ्यूजची पट्टी, सॉकेटमधली सैल पडलेली पितळी पाकळी. वीस मीटर वायरमध्ये सोळा-सतरा वॅट पसरले तर हाताला कळतही नाही. तेवढेच वॅट एका स्क्रूखाली गोळा झाले तर प्लास्टिक मऊ पडते. काही वर्षांपूर्वी एका घरी बाथरूममधून जळका वास येतो म्हणून मला बोलावले होते. गिझर लावला, मेन स्विचपाशी व्होल्टेज चार व्होल्टने उतरले, बाथरूमच्या प्लगपाशी पंधराने. बोर्डाची प्लेट उघडली, मीटरचे एक टोक सॉकेटला आलेल्या फेजच्या वायरवर ठेवले आणि दुसरे प्लगच्या पलीकडच्या फेजवर. चांगल्या जोडात तेथे काही मिलिव्होल्ट दिसतात. तेथे सहा व्होल्ट होते. धारा साडेसात अँपिअर, म्हणजे एका नखाएवढ्या जागेत ४५ वॅट. रेडिओ दुरुस्तीची सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते आणि ती शिसे वितळवते. स्क्रूखालच्या वायरच्या निम्म्या तारा कापलेल्या होत्या, उरलेल्या काळ्या पडून ठिसूळ झाल्या होत्या आणि इन्सुलेशन पावाच्या कडेसारखे भाजले होते. फ्यूज उडालेला नव्हता आणि उडणारही नव्हता, कारण जोड खराब झाल्याने धारा वाढत नाही, उलट किंचित कमीच होते. एमसीबीला (धारा जास्त झाली की आपोआप बंद पडणाऱ्या स्विचला) हा दोष दिसत नाही. तो व्होल्टमीटरला दिसतो.

म्हणून तुम्ही आता असे करा. एखादा जाणता वायरमन सोबत घ्या, पायात रबरी चप्पल असू द्या, आणि हे काम एकट्याने करू नका. मेन स्विचच्या येणाऱ्या टोकांवर गिझर बंद आणि चालू असे दोन्ही व्होल्ट तीन वेळा मोजा. तेथेच पंधरा-सोळा व्होल्टची घट दिसली तर दोष सर्व्हिस वायरमध्ये किंवा खांबावरच्या जोडात आहे. मीटरचे सील न तोडता वीज कंपनीला कळवा आणि खांबावर स्वतः चढू नका. मेन स्विचपाशी घट सहा-सात व्होल्टच असेल तर बाकीची घरात आहे, आणि मग मेन स्विच, फ्यूज, बोर्डातला स्विच आणि सॉकेट या प्रत्येकाच्या दोन टोकांमधले व्होल्ट एकेक करून पाहा. न्यूट्रलची बाजू विसरू नका; तिच्यातून तेवढीच धारा परत जाते आणि तिचे जोड तेवढेच तापतात. जेथे एका व्होल्टपेक्षा जास्त दिसेल तेथे मेन बंद करून, लाइन खरोखर मेली आहे हे तपासून, काळवंडलेली वायर लखलखीत तांबे दिसेपर्यंत मागे छाटा. सॉकेटची पाकळी सैल असेल तर ती दाबून घट्ट करीत बसू नका, सोळा अँपिअरचे नवे सॉकेट आणि नवा प्लग टॉप दोन्ही एकदमच बदला. त्यानंतर गिझर लावून पुन्हा व्होल्ट आणि अँपिअर मोजा. घरातली घट अडीच-तीन व्होल्टवर आली पाहिजे, प्लगपाशी २१२-२१३ व्होल्ट दिसले पाहिजेत, आणि अर्धा तास गिझर चालवून लगेच मेन बंद करून सॉकेटवर हात ठेवला तर ते भिंतीइतकेच थंड लागले पाहिजे.